दिवा लावायला बाई, लिहायला कोण?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं धाडलं. जोतीराव फुल्यांनी साफ नकार कळवला. आमचं दुःख ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यात मिसळून काय करायचं, हा त्यांचा सवाल. 'शेतकऱ्याचा असूड' त्याआधी दोनच वर्षं लिहून झाला होता.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन भरलं. उद्‌घाटक पाहुण्याबाईंचं निमंत्रण मागं घेतलं, मग दिवा लावायला आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा आठवली. ती बोललीही. पण तिच्यासारख्या बायांना लिहितं करायला गावात कोण आलं?

तालुक्याच्या लेखन कार्यशाळा ऐन पौषात, हॉलमध्ये. शिकवणार वृत्त आणि अलंकार! तेव्हा बाया वेचणीत, बोटं बोंडांनी सोललेली. रोज बुडवून येणार कोण?

कार्यशाळा चैत्रात घ्या, पारावर, रात्रीची जेवणं उरकल्यावर. पहिला धडा कापसाच्या पट्टीचा: वजन, कटती, हमाली, उचल, व्याज. मग हातात काय उरलं आणि घरी काय सांगितलं, तेही लिहा. शुद्धलेखन नंतर बघू. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावानं असा एक तरी कागद आणावा. तिथंच वाचू.