‘मी कोण?’ हा रिकामटेकड्यांचा प्रश्न नव्हे

गाढ झोप लागली की ‘मी’ कुठे जातो? पाचवीत शिकणाऱ्या मुलाने रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या हा प्रश्न विचारला, तर आपल्या घरात त्याला काय उत्तर मिळते? वडील म्हणतात, “उद्या गणिताची चाचणी आहे, झोप आता.” विज्ञानाचा पदवीधर काका सांगतो, “सगळा मेंदूतल्या रसायनांचा खेळ आहे.” आणि आजोबा समाधानाने उद्गारतात, “हे आपल्या ऋषींनी केव्हाच सांगून ठेवले आहे.” नेमके काय सांगितले, ते मात्र आजोबांनाही ठाऊक नसते. तिन्ही उत्तरांचा परिणाम एकच होतो. मूल पुन्हा विचारत नाही.

हे छत्रपती संभाजीनगरात घडावे, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे सुरू केलेले महाविद्यालय ‘मिलिंद’ या नावाने ओळखले जाते आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ म्हणून. ही दोन्ही नावे आली आहेत ती ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथातून. यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला भेटतो आणि संवाद सुरू होतो तो ‘नागसेन म्हणजे नेमके कोण?’ या प्रश्नाने. नागसेन राजालाच विचारतो : आपण ज्या रथातून आलात, तो रथ कोणता? चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग भाग एकत्र आले की आपण त्यांना ‘रथ’ म्हणतो, तसेच ‘मी’ हेही केवळ व्यवहारातले नाव ठरते.

याच जिल्ह्यात, गोदाकाठच्या आपेगावाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या ज्ञानेश्वर महाराजांचे उत्तर याच्या अगदी उलट आहे. ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात ते अज्ञानाचेच खंडन करतात. जाणीव स्वयंप्रकाश आहे; तिला झाकणारे अज्ञान नावाचे स्वतंत्र काही असूच शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. एक म्हणतो, शोधून पाहा, ‘मी’ सापडत नाही. दुसरा म्हणतो, शोधणारा आधीच तेथे आहे. दोन्ही उत्तरे आपल्याच भूमीतील आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत!

काकांचे उत्तर तरी नवे आहे काय? पदार्थ एकत्र आले की मद्यात जशी धुंदी उत्पन्न होते, तशी भूतांच्या संयोगातून चेतना उत्पन्न होते, हे चार्वाकमत आपल्याकडे शतकानुशतके चर्चिले गेले आहे. मेंदूला इजा झाली की जाणीव बदलते, हे खरेच. परंतु चेतापेशींच्या हालचालींतून ‘मला दुखते’ हा अनुभव का निर्माण व्हावा, हे अद्याप कोणी सांगू शकलेले नाही. मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ साली तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की, पंचवीस वर्षांत मेंदूतील जाणिवेची स्पष्ट खूण सापडेल. २०२३ साली न्यूयॉर्क येथे कॉख यांनी जाहीरपणे हार मान्य केली. संशोधन चालू राहील आणि राहावेही. परंतु प्रश्न सुटला आहे, ही घोषणा विज्ञानाची नव्हे, अहंकाराची आहे.

मात्र सर्वांत कठोर शब्द वापरायचे, तर ते आजोबांच्या उत्तराबद्दल, म्हणजेच आपल्याबद्दल वापरले पाहिजेत. ‘सारे आपल्याकडे होतेच’ असे म्हणणारा अभिमान ग्रंथ उघडत नाही. तो त्यांना कपाटात बंद करतो. माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात ‘सर्वदर्शनसंग्रह’ रचला, तेव्हा पहिले प्रकरण चार्वाकाला दिले. विरोधकाचे मत त्याच्याच बळानिशी मांडणे, म्हणजे पूर्वपक्ष, ही आपली खरी परंपरा आहे. पूर्वपक्ष न जाणता सिद्धांत मिरवणारा हा परंपरेचा वारसदार नव्हे. तो केवळ तिचा जयजयकार करणारा आहे.

संवादाच्या आरंभीच नागसेन राजाला एक अट घालतो. पंडितांप्रमाणे बोलणार असाल तर बोलू, राजांप्रमाणे असेल तर नाही. पंडितांच्या वादात चुका दाखवल्या जातात, हार मान्य केली जाते, आणि तरी कोणी रागावत नाही. राजाला मात्र विरोध केला की दंड होतो. आपल्या घरात आज कोणता वाद चालतो, याचे उत्तर प्रत्येक पालकाने स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावे.

येत्या रविवारी मुलांना घेऊन वेरूळला जा. चौतीस लेण्यांत बौद्ध, हिंदू आणि जैन अशी तीन दर्शने एकाच डोंगरात शेजारी कोरलेली आहेत. ‘मी’विषयी त्यांचे एकमत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. परत येताना मूल विचारील, “मग खरे कोणाचे?” त्या वेळी उत्तर देण्याची घाई करू नका. त्याच्याबरोबर विचार करा. मिलिंद राजा होता; तरी त्याला विचारण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटावा?