बांधावर जरा थांबून पाहा



गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, यंदा नवीन काय?" नवीन म्हणजे नवी जात, नवे खत, नवे औषध, नाहीतर कोल्हापूर-सांगलीकडची एखादी सहल. या गोष्टी लागतातच, आणि त्या पुरविणे हे आमच्या खात्याचे कामच आहे. परंतु प्रस्तुत लेखकाचे मत असे, की नवी गोष्ट सुचण्यासाठी दरवेळी गाडी करून लांब जावे लागत नाही. रोज डोळ्यांखालून जाणारी गोष्ट जरा थांबून पाहावी आणि 'हे असे का?' एवढेच स्वतःला विचारावे. पुष्कळशी नवलाई आपल्या बांधावरच पडलेली आहे.

आता बघा, पावसाळा सरत आला की गोदावरीच्या काठाने कास नावाचे रानगवत पांढरेशुभ्र तुरे काढून उभे राहते. आपण रोज त्याच्या शेजारून जातो. गुरेही ते फारसे आवडीने खात नाहीत, म्हणून आपल्या लेखी त्याला किंमत नाही. पण हे गवत उसाचे जवळचे भाऊबंद आहे. उसाच्या तुऱ्यातले बी रुजत नाही, असे एके काळी जाणकारही धरून चालत. जावा बेटावर सोल्टवेडेल यांनी आणि १८८८ साली बार्बाडोस बेटावर हॅरिसन व बोव्हेल यांनी हे बी रुजते हे दाखवून दिले, आणि संकरातून नवा ऊस निर्माण करण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे १९१२ मध्ये कोईमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड उसाचा या कास गवताशी संकर केला. त्यातून निघालेली को २०५ ही जात १९१८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. आज आपल्या शिवारात को ८६०३२ उभा असतो, त्यातला 'को' म्हणजे कोईमतूरच. त्याच्या अंगातला काटकपणा काही अंशी त्या नदीकाठच्या गवताकडून आलेला आहे. ज्याला आपण तण म्हणून ओलांडून जातो, त्याच्याकडे कोणीतरी थांबून पाहिले म्हणून आज आपला संसार उसावर उभा आहे.

कोणी म्हणेल, ते शास्त्रज्ञ होते, त्यांचे कामच ते. तर मग आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल-३ या धानात त्यांना पिवळसर, निराळ्या दाण्यांच्या तीन लोंब्या दिसल्या. अशा लोंब्या इतरांच्याही शेतात कधीतरी आल्या असतील आणि मळणीत गेल्या असतील. दादाजींनी त्या जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत गेले. त्यातून आला तो एचएमटी तांदूळ. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून हे नाव पडले. हा तांदूळ कितीतरी मोठ्या मुलखात पसरला. पैशाचा वाटा मात्र या माणसाला फारसा मिळाला नाही. २०१८ साली ते वारले. ही आपल्या समाजाची उणीव आहे आणि ती येथे नमूद करावीशी वाटते. पण त्या तीन लोंब्या दिसायला ना यंत्र लागले, ना पदवी.

अर्थात, वेगळे दिसले म्हणजे ते चांगलेच असे समजू नये. खोडव्यात एखादे बेट गवतासारखे दाट फुटलेले दिसते, बारीक-बारीक फुटवे, पाने फिकट किंवा पांढरी. कोणी कौतुकाने म्हणतो, "काय फुटवा आलाय राव!" तो फुटवा नव्हे, गवताळ वाढीचा रोग आहे. असे बेट मुळासकट काढून नष्ट करावे लागते आणि त्या प्लॉटातले बेणे घेऊ नये. म्हणून पाहिल्यावर विचारायचे आणि विचारून खात्री करायची.

दुसरे दृश्य वळवाच्या पहिल्या पावसानंतरचे. दिवस मावळला की बांधावरच्या निंबावर, बाभळीवर, बोरीवर तपकिरी भुंगेऱ्यांची गर्दी होते. पोरे त्यांच्याशी खेळतात आणि आपण ओट्यावर बसून पाऊस किती झाला ते बोलतो. हेच भुंगेरे हुमणीचे मायबाप. मादी जमिनीत ५०-६० अंडी घालते, अळ्या मुळे खातात आणि श्रावण-भाद्रपदात ऊस पिवळा पडून वाळू लागतो. मग आपण औषध मागत गट ऑफिसला येतो. तोवर खर्च दुप्पट आणि उपयोग निम्मा. पहिल्या पावसानंतर चार-आठ दिवस संध्याकाळी फांद्या हलवून, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवले, तर पुढचे पुष्कळ संकट टळते. मात्र हे एकट्याने करून भागत नाही. भुंगेरा शेजाऱ्याचा आणि आपला असा भेद करीत नाही, म्हणून सगळ्या शिवाराने मिळून केले पाहिजे.

तिसरे दृश्य तर दारातलेच आहे. भर चैत्रात गावाबाहेरच्या एखाद्या जुन्या झाडाखालचा पालापाचोळा हाताने बाजूला सारून पाहा. खालची माती भुसभुशीत आणि थंड लागते, गांडुळाची विष्ठा दिसते. त्या झाडाला कोणी खत घातले नाही की पाण्याची पाळी दिली नाही. त्याच दिवसात आपल्या रानात तोड संपल्या-संपल्या आपण पाचटाला काडी लावतो. एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट निघते. त्यात जवळपास अर्धा टक्का नत्र असते, पालाश त्याहून जास्त आणि सेंद्रिय कर्ब तर भरपूर. म्हणजे दुकानातून पोती आणायची आणि घरचे खत पेटवून द्यायचे, असा हा उलटा हिशेब आहे. त्याऐवजी बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट एक आड एक सरीत दाबावे आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. ओल टिकते, तण कमी होते आणि पाण्याच्या पाळ्यांतले अंतर वाढविता येते.

पाण्याचे मोल मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पुरे झाले म्हणून आपल्याकडे उसाची वाढ झाली. पण १९७२ आपल्या वडिलांनी पाहिले आणि २०१२-१३ व २०१५-१६ आपण पाहिले. धरण काठावर असले तरी तळ दिसायला एक-दोन पावसाळे पुरतात. ऊस हे पाणी खाणारे पीक म्हणून चारी बाजूंनी आपल्यावर टीका होते. तिला भाषणाने उत्तर देता येणार नाही. झाकलेल्या जमिनीने आणि वाचविलेल्या पाळीनेच ते देता येईल.

आता काही सभासद म्हणतील, "साहेब, बघून पोट भरते का? तोडीला टोळी मिळत नाही, रात्री-अपरात्री वीज येते, बँकेचा हप्ता डोक्यावर असतो." हे सगळे खरे आहे. भावाचा आणि बिलाचा प्रश्न निरीक्षणाने सुटत नाही, तो संचालक मंडळाकडे आणि सरकारदरबारीच मांडावा लागतो. पण बाहेरचे हाती नसताना आतले तरी हाती ठेवावे, एवढेच म्हणणे आहे. शिवाय सतत चिंतेने खाली गेलेली मान जरा वर होते, हाही लाभ काही लहान नाही. आपलेच रान नव्याने दिसले की कामाला हुरूप येतो.

म्हणून एक सूचना करतो. रोज दहा मिनिटे हातात खुरपे किंवा मोबाइल न घेता प्लॉटभोवती एक चक्कर मारावी. जे निराळे दिसेल ते वहीत एका ओळीत लिहावे. रात्री पाणी देणाऱ्या सालगड्याला, खुरपणाऱ्या बायांना आणि घरातल्या मालकिणीला "काय दिसले?" असे विचारावे, कारण बऱ्याच गोष्टी आपल्या आधी त्यांना दिसलेल्या असतात. आणि गटाच्या बैठकीत आमची भाषणे सुरू होण्यापूर्वी पहिली पंधरा मिनिटे सभासदांनी आपापले निरीक्षण सांगावे. ते खरे की खोटे हे त्याच शिवारात जाऊन सर्वांनी मिळून तपासू.

पहिल्या बैठकीला वही घेऊन यावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी