आधी जुना नकाशा टेबलावर ठेवा!

साथींनो,

दावे फेटाळल्याची पत्रं पुन्हा वाड्यावाड्यांत यायला लागलीत. कारण सगळ्यांवर एकच लिहिलेलं: "सन २००५ च्या उपग्रह छायाचित्रात सदर जागेवर लागवड दिसून येत नाही." खाली सही आणि शिक्का. एवढ्या एका ओळीवर एका घराची दोन एकर वरई-नागलीची जमीन गेली.

असंच एक पत्र घेऊन आम्ही पंधरा-वीस जण एका कचेरीत गेलो. साहेबांनी संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला. हिरवट-तपकिरी चित्र होतं. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "बघा, कुठं आहे शेत? जंगल आधीपासून आहे, तुम्ही नंतर आलात." आमच्यातली एक म्हातारी पुढं झाली. म्हणाली, "सायेब, ह्यो फोटू कोन्च्या महिन्यातला?" साहेबांना सांगता येईना. म्हातारी म्हणाली, "वरई कापून नेल्याव डोंगराव काय दिसनार? गवातच दिसंल." त्यावर उत्तर मिळालं, "आजी, ते राहू द्या. जुना कागद असेल तर दाखवा."

बरं. जुना कागद पाहिजे ना? मग ऐका. जुना कागद सरकारच्याच घरात आहे. सरकारनंच मोजला, सरकारनंच छापला आणि आज सरकारच तो बाहेर काढत नाही.

हा कागद म्हणजे सर्वे ऑफ इंडियाचा जुना स्थलदर्शक नकाशा. कचेरीत त्याला टोपोशीट म्हणतात. हे खातं १७६७ सालचं, इंग्रज कंपनीच्या काळातलं. १८४८ मध्ये देवगावच्या राघोजी भांगऱ्यांना ज्यांनी ठाण्याला फासावर चढवलं, त्यांच्याच राज्यात हे डोंगर मोजले गेले. मोजणी आपल्यासाठी नव्हती. फौजेला वाट कळावी, सारा गोळा व्हावा, लाकूड कुठं आहे ते समजावं, यासाठी होती. म्हणूनच या नकाशाची साक्ष मोलाची आहे. ज्यानं आपल्या बाजूनं काही लिहायचं कारणच नव्हतं, त्यानंही आपली वाडी लिहून ठेवली.

काही साथी विचारतात, इंग्रजाचा नकाशा आपण कशाला उचलायचा? आपली जमीन आपल्या हाडांत आहे, कागदात कशाला शोधायची? साथींनो, बोलणं खरं आहे. पण समोरचा कागदाशिवाय बोलत नाही. त्याचाच कागद त्याच्या पुढ्यात ठेवला, तर त्याला तो खोटा म्हणता येत नाही.

नकाशात काय असतं

जुने नकाशे एक मैलाला एक इंच या मापाचे. नंतरचे १ ला ५०,०००, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. आपल्या अकोले तालुक्याचा डोंगरपट्टा मुख्यतः ४७ ई या गटात येतो. कळसूबाईचं शिखर ४७ ई/१० वर, हरिश्चंद्रगड ४७ ई/१५ वर. नव्या मालिकेत क्रमांक बदललेत, म्हणून मागताना जुनाच क्रमांक सांगा.

पिवळा रंग म्हणजे लागवड. हिरवा म्हणजे झाडी. तांबड्या बारीक चौकटी म्हणजे घरं. तपकिरी रेघा म्हणजे डोंगराचा चढ. रेघा जवळजवळ आल्या की कडा, लांब लांब गेल्या की सपाटी. बारमाही पाणी निळं, कोरडा ओढा काळा. तुटक रेघ म्हणजे पायवाट. विहीर, देऊळ, झोपडी यांना आपापली खूण आहे. राखीव जंगलाची हद्दही त्यात आहे. गावाची नावं इंग्रजीत आणि तीही वाकडी लिहिलेली, पण मोठ्यानं वाचली की ओळखू येतात. सह्याद्रीच्या या नकाशांवर 'ठाकरवाडी' हे नाव तर जागोजाग छापलेलं आहे. ज्या समाजाला आज 'तुम्ही नंतर आलात' म्हणतात, त्याच्या नावाची वाडी नकाशावर आहे.

सगळ्यात आधी नकाशाचा समास बघा. तिथं दोन सालं असतात: मोजणी कोणत्या साली झाली आणि छपाई कोणत्या साली. आपल्या कामाचं साल मोजणीचं. छपाई नंतरची असली तरी वाडी मोजणीच्या वेळी तिथं होती, हे त्यातून ठरतं.

पाण्याखालचा नकाशा

आता भंडारदऱ्याकडं बघा. धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं. त्यानंतरच्या नकाशात प्रवरेच्या खोऱ्यात मोठा निळा डाग आहे. धरणाच्या आधी तो डाग नव्हता. तिथं नदी होती आणि नदीकाठचा तळ होता. डोंगराळ मुलखात चांगली खाचरं कुठं असतात ते आपल्याला शिकवायला नको. ती खाली, पाण्याजवळ असतात. तीच पाण्याखाली गेली. पाणी कालव्यांनी खालच्या उसाला गेलं आणि माणसं वर सरकली. आपल्या कितीतरी घरांत आज्यानं नातवाला हेच सांगितलं आहे.

मग आम्ही विचारतो: खोऱ्याचा तळ सरकारनं पाण्यात घातला, माणूस चढावर गेला, तिथं त्यानं दगड वेचून बांध घातले, आणि आता त्याच चढाला तुम्ही अतिक्रमण म्हणता? धरणाच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नकाशे शेजारी ठेवा. कोणी कोणाच्या जागेत अतिक्रमण केलं ते पोराला सुद्धा कळेल.

१९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. पुन्हा नकाशावर एक रेघ आली आणि गावंच्या गावं रेघेच्या आत गेली. माणूस हलला नाही, रेघ हलली. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत अभयारण्याची जमीनही वनजमीनच आहे. "अभयारण्य आहे, इथं दावा चालत नाही" असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा.

कायदा आपल्या हातात आहे

वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे, दुरुस्ती २०१२ ची. तीन गोष्टी पाठ करा.

पहिली. नियम ६ प्रमाणे ग्रामसभेला किंवा वनहक्क समितीला वनाचे आणि महसुलाचे नकाशे पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे. आपण नकाशा मागतो ती भीक नाही. त्यांनी दिला नाही ती त्यांची कसूर.

दुसरी. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात गॅझेटियर, जनगणना, पाहणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, उपग्रह चित्रं, वनखात्याच्या कार्य आयोजना आहेत. घर, झोपडी, बांध, सपाटीकरण आहे. जुनी विहीर, मसणवटा, देवाचं ठिकाण आहे. आणि दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही आहे. यातले एकाहून जास्त पुरावे विचारात घ्यायचे, असं नियमच सांगतो.

तिसरी. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे उपग्रह चित्र हे बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून वापरायचं. बाकी सगळं बाजूला सारून फक्त चित्रावर दावा मारता येत नाही. म्हणजे आपल्या हातातली ती एका ओळीची पत्रं नियमाला धरून नाहीत.

पण नकाशाला देव करू नका

इथं आम्हाला आपल्याच कार्यकर्त्यांशी दोन शब्द बोलायचे आहेत. जुना नकाशा हाती लागला की काहीजण हरखून जातात. सांभाळा.

एक तर माप बघा. १ ला ५०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. दोन एकराचं शेत त्यावर दोन मिलिमीटरचंही होत नाही, वरईच्या दाण्याएवढं. त्यात तुमचा बांध कुठून दिसणार? हा नकाशा वाडी दाखवतो, पाणवठा दाखवतो, वाट दाखवतो. गाव जुनं आहे आणि जंगलात त्याची वहिवाट आहे, हे त्यातून सांगता येतं. म्हणून सामूहिक दाव्याला, नमुना ब आणि नमुना क ला, तो फार उपयोगी आहे. एका घराच्या नमुना अ च्या दाव्याला तो जोडपुरावा आहे. तिथं बांध, जुनं झाड, दंडाची पावती आणि शेजारच्या म्हाताऱ्याचा जबाब यांचं वजन जास्त. वनखात्यानं पूर्वी दंड केला असेल तर ती पावती जपून ठेवा. ज्या पावतीनं तुम्हाला चोर ठरवलं, तीच आज तुम्ही त्या साली तिथं होता हे सांगते.

दुसरं. नकाशात नाही म्हणजे जमिनीवर नव्हतं, असं कधीही कबूल करू नका. मोजणीवाले पावसाळ्यात डोंगरावर येत नसत. त्यांचा हंगाम दिवाळीनंतरचा, उन्हाळ्यापर्यंतचा. वरई-नागली तोवर खळ्यात गेलेली. उताराची जमीन आपण दोन-चार वर्षं करतो आणि मग पड टाकतो. त्या पडीवर मोजणीवाल्यानं झुडूप लिहिलं. म्हातारीनं उपग्रहाच्या चित्राबद्दल जे विचारलं, तेच जुन्या नकाशालाही विचारायचं: कोणत्या महिन्यात बघितलंस? हिरडा गोळा करायची जागा, गुरांची वाट, देवराईतला शेंदूर लावलेला दगड, यातलं किती त्याला दिसलं असेल? जे दिसलं ते त्यानं लिहिलं. जे दिसलं नाही ते आपल्या म्हाताऱ्यांनी सांगायचं. म्हणून जबाब आधी, नकाशा नंतर.

तिसरं, आणि हा सापळा आहे. आपण शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा दाखवला की उद्या कोणी तरी म्हणेल, सगळ्यांनीच शंभर वर्षांचा पुरावा आणा. साफ नाही म्हणा. अनुसूचित जमातीच्या माणसाला कायद्यानं विचारायचं ते १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचं. ७५ वर्षांची, तीन पिढ्यांची अट आदिवासींना नाही. ती आपल्या शेजारी राहणाऱ्या इतर पारंपरिक वननिवासींना आहे. त्यांच्यासाठी मात्र १९३० च्या आधीची मोजणी असलेला नकाशा सोन्यासारखा. त्यांना तो मिळवून द्यायला आपण मदत करू. एकाच ओढ्याचं पाणी पितो, त्यांना वेगळं टाकायचं नाही.

आता काय करायचं

१) ग्रामसभेत ठराव करा: नियम ६ प्रमाणे आमच्या गावाचे वनाचे आणि महसुलाचे सर्व नकाशे, जुने आणि नवे, उपविभागीय समितीनं द्यावेत. अर्जाची पोच घ्या. पोचेवर तारीख बघा.

२) भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा मागा. टोपोशीट सर्वे ऑफ इंडियाकडं मिळते. महाविद्यालयांच्या भूगोल विभागातही जुन्या शीट असतात, मुलांना प्रात्यक्षिकाला त्याच शिकवतात. आपली पोरं तिथं शिकतात. परीक्षेपुरतं शिकलेलं त्यांनी आता गावासाठी वापरावं.

३) नकाशा घेऊन शिवारफेरी काढा. पुढं म्हातारी माणसं, मागं नकाशा धरलेली पोरं. बायांशिवाय फेरी काढू नका. पाणी, सरपण आणि रानभाजीची जागा पुरुषाला अर्धीच माहीत असते. एका वाडीत अशा फेरीत जुन्या नकाशावरच्या विहिरीची खूण शोधत गेलो. करवंदीच्या जाळीत बांधीव विहीर निघाली, अर्धी बुजलेली. सोबतच्या बाबांनी काठी टेकवली आणि म्हणाले, "हितं माझ्या आईचं पानी होतं." पोरांनी तिथंच बसून त्यांचा जबाब लिहिला, विहिरीचा फोटो काढला, पंचांच्या सह्या-अंगठे घेतले. एका जागेचे तीन पुरावे झाले: नकाशा, विहीर आणि माणूस.

४) फेटाळल्याचं पत्र मिळालं की तारीख लिहून ठेवा. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडं जायला ६० दिवस असतात. पत्र फळीवर ठेवून लग्नसराई उरकायची नाही.

हे सगळं आत्ता का? १३ फेब्रुवारी २०१९ आठवा. सुप्रीम कोर्टानं फेटाळलेल्या दावेदारांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला होता. देशभर आरडाओरड झाली म्हणून २८ फेब्रुवारीला स्थगिती आली. स्थगिती म्हणजे निकाल नाही. 'फेटाळला' हा शिक्का ज्या घरावर राहील, त्या घराच्या डोक्यावर ती तलवार टांगलेली आहे. म्हणून एकही दावा एका ओळीवर मरू द्यायचा नाही.

आणि अधिकाऱ्यांना आमचं उघड सांगणं आहे. तुम्ही आम्हाला जुना कागद मागता. तुमच्या कपाटातला जुना नकाशा आधी टेबलावर ठेवा. आम्ही आमची म्हातारी माणसं घेऊन येतो. दोघं मिळून वाचू. वाडीचं नाव, विहिरीची खूण, पायवाटेची रेघ, सगळं वाचू. मग पत्रावर लिहा, आधी कोण आलं आणि नंतर कोण.

पुढच्या ग्रामसभेला ठराव, त्यानंतर शिवारफेरी. हे पत्रक वाचून झालं की शेजारच्या वाडीला द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!