स्पीकरला रोल नंबर नसतो

मागच्या सेमिस्टरला ऑनलाइन टेस्टच्या आदल्या रात्री आपल्या विंगचं नेट तीन तास गेलं होतं, आठवतं? ते मी घालवलं होतं. मुद्दाम नाही, पण घालवलं मीच. हा लेख म्हणजे त्याची कबुली, आणि कबुलीच्या आडून थोडं भांडणही. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

झालं असं की वाढदिवसाला मामाने मला स्मार्ट स्पीकर दिला. मोठ्या हौसेने तो हॉस्टेलवर आणला. आपलं वाय-फाय जोडलं की एक पान उघडतं, त्यात रोल नंबर आणि पासवर्ड टाकायचा. आता माझ्या स्पीकरला ना स्क्रीन, ना कीबोर्ड, ना रोल नंबर! बिचारा दारातच उभा. ज्या कॅम्पसवर एज्युरोम आहे तिथेही हीच अडचण. तिथे नेटवर्क प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड दोन्ही विचारतं, आणि बहुतेक घरगुती स्पीकरना फक्त एका पासवर्डचं साधं वाय-फाय कळतं.

फोनचा हॉटस्पॉट लावून पाहिला. चालला. पण मी मेसला गेले की फोनही मेसला, आणि स्पीकर खोलीत मुका. मग भिंतीतल्या लॅन सॉकेटकडे लक्ष गेलं. पण स्पीकरला वायर खुपसायला जागाच नाही! सोनोस वनसारख्या काही स्पीकरना इथरनेट पोर्ट असतं, पण आपल्या खिशाला परवडणारे बहुतेक स्पीकर वाय-फायवरच जगतात.

शेवटी घरचा जुना राउटर पिशवीत घालून आणला. रूममेट यवतमाळची. ती म्हणाली, "काय करून राहिली गं तू? मॅडमनी पाहिलं ना तर...!" मी ऐकलं नाही. राउटरला मागे एक वॅन पोर्ट आणि चार लॅन पोर्ट होते. मी भिंतीची वायर लॅनमध्ये घातली. झालं कल्याण!

नेटवर्कमध्ये नवीन लॅपटॉप शिरला की तो सगळ्यांना विचारतो, मला कोणी पत्ता देता का? याला डीएचसीपी म्हणतात. उत्तर देणं हे कॉलेजच्या सर्व्हरचं काम. पण माझा राउटर जवळ होता, तो आधी उत्तर देऊ लागला. समजा, अ‍ॅडमिशनच्या दिवशी वॉर्डनच्या टेबलाआधी गेटवरच कोणी आगाऊ मुलगी खोल्यांच्या खोट्या चिठ्ठ्या वाटत बसली, तर काय होईल? तेच झालं. माझ्या राउटरकडून पत्ता घेतला, त्यांचं इंटरनेट बंद. ज्यांच्याकडे आधीचा पत्ता होता त्यांचं चालूच, म्हणून बिघाड कुठे ते कोणालाच कळेना. शेवटी नेटवर्कचे सर एकेक सॉकेट बंद करत आमच्या खोलीपर्यंत पोचले. पुढचं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, खोलीत राउटर लावण्यास सक्त मनाई. नोटीस चूक आहे असं मी म्हणणार नाही. वायर वॅनमध्ये घातली असती तर नेट बंद पडलं नसतं, पण मग त्या राउटरमागे माझ्या एका लॉगिनवर कोण काय करतंय हे कॉलेजला कळलंच नसतं. ते जास्त वाईट.

असो. स्पीकर महालातल्या घरी, आजीकडे गेला. घर जुनं, भिंती दीड फुटी, राउटर पुढच्या बैठकीत आणि आजीची खोली सगळ्यात मागे. मध्ये खिडकीत पत्र्याचा कूलर. पत्रा आणि पाणी, वाय-फायचे दोन्ही शत्रू एकाच डब्यात! नागपूरच्या मे महिन्यात कूलर हलवा म्हणणार कोण? बर्डीवरून बावीस मीटर केबल आणली (या केबलची मर्यादा शंभर मीटर, तेव्हा काळजी नव्हती) आणि तोच बदनाम राउटर आजीच्या खोलीत लावला. या वेळी आधी त्याचा डीएचसीपी बंद केला, त्याला वेगळा पत्ता दिला आणि मग लॅनमधून लॅनमध्ये वायर. आता आजी सकाळी भजनं लावते. माझ्या स्पीकरला मराठी येत नाही, म्हणून आजी त्याच्याशी हिंदीत बोलते, तेही वऱ्हाडी हिंदीत. तो निम्मं ऐकतो. फोनमधल्या गुगल असिस्टंटला २०१८ सालीच मराठी आली होती, मग या डब्याला काय धाड भरली?

आता भांडण. २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला, म्हणून घरोघरी वाय-फाय विनापरवाना चालतं. आणि आपल्याकडे, शिकायचं नेटवर्किंग आणि खोलीत एक डबा जोडायची सोय नाही! माझं म्हणणं, अशा उपकरणांसाठी वेगळं नेटवर्क द्या, वेगळ्या व्हीलॅनवर, जिथून फक्त इंटरनेट दिसेल, दुसऱ्याचा लॅपटॉप नाही. प्रत्येक उपकरणाची नोंद आणि प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड. नुसत्या मॅक अ‍ॅड्रेसवर विसंबू नका, तो थर्ड इयरचं कोणीही दोन मिनिटांत बदलतं. आणि स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करा, म्हणजे माझ्यासारखीच्या खोट्या चिठ्ठ्या स्विचवरच अडतील. मनाईची नोटीस वाचायला माणूस लागतो, स्विचला लागत नाही.

एका गोष्टीत मात्र मी रूममेटकडून हरले. ती म्हणाली, "तुझा स्पीकर म्हणजे माइकच ना? मी आईशी घरचं बोलते, ते याने का ऐकावं?" माइक बंद करायचं बटण असतं, हे सांगून तिचं समाधान झालं नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून अर्जात मी एक ओळ वाढवली आहे, खोलीतल्या सगळ्यांची सही असल्याशिवाय नोंद नाही.

अर्ज हॉस्टेल कमिटीकडे द्यायचा आहे. रूममेटची सही बाकी आहे. ती म्हणते, आधी आजीकडून स्पीकर परत तर आण. आजी द्यायला तयार नाही.