पटत नसेल तर चालते व्हा?



आपल्यातले बरेचजण संगणकाच्या धंद्यात असल्याने सिस्टमडी हे नाव नवं नसावं. लिनक्स सुरू होताना कर्नल जी पहिली प्रोसेस उभी करतो, ती आता बहुतेक ठिकाणी हीच. २०१० साली लेनर्ट पोएटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी ती आणली, २०११त फेडोराने आणि २०१४त रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीने स्वीकारली.

आधीच सांगतो, जुन्या सिस-व्ही इनिटच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांतला मी नाही. सेवा बंद करायची तर फाइलीत लिहिलेला प्रोसेसचा नंबर वाचायचा आणि तो अजून तिचाच असेल अशी आशा करायची! सिस्टमडी सीग्रुप वापरून सेवेची सगळी पिलावळ एका दावणीला बांधतं, पडलेली सेवा पुन्हा उभी करतं. सर्व्हर सांभाळून मी पोट भरतो. हे फायदे मला कोणी शिकवायला नकोत.

माझं भांडण वेगळं आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या आठ जणांच्या तांत्रिक समितीत सिस्टमडी की अपस्टार्ट यावर समसमान मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. निर्णय नियमाला धरून होता, माझ्या मते योग्यही होता. पण पुढे शंका काढणाऱ्याला एकच उत्तर मिळू लागलं: नको असेल तर फोर्क करा. काहींनी खरोखरच देवुआन नावाची वेगळी चूल मांडली.

मंडळी, हे उत्तर ओळखीचं वाटत नाही? इथे तोंड उघडलं की 'आपल्या देशात परत जा', आणि तिथल्याबद्दल बोललं की 'बाहेर बसून शहाणपणा शिकवू नका'. दोन्हीकडून हे ऐकणाऱ्या आपण तरी त्याला स्वातंत्र्य म्हणू नये.

लायसन्स कोड बदलण्याचा हक्क देतं हे खरं. पण सेवा, लॉग, लॉगिन, उपकरणं हे सगळं एकाच प्रकल्पातून येऊ लागलं आणि इतर प्रोग्रॅम त्यावर विसंबू लागले, की तो हक्क दरवर्षी महाग होतो. मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण आठवा. 'मी तयार आहे' एवढा निरोप सिस्टमडीला देण्यासाठी डेबियनसह काही वितरणांनी एसएसएचला लिबसिस्टमडी जोडली होती. तिच्यामागून एक्सझेडची लायब्ररी आत आली आणि तिच्यात कुणीतरी चोरदरवाजा पेरला. पेरणारा गुन्हेगार, सिस्टमडी नव्हे. पण तो निरोप सॉकेटवर एक ओळ लिहूनही देता येतो. सोय म्हणून जोडलेल्या गोष्टींचा हिशेब कोणी मागायचाच नाही का?

डिसेंबर २०१९ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून ठरवलं: भर सिस्टमडीवर, पण पर्यायांवरच्या कामालाही पाठिंबा. या वादातला हा सर्वात शहाणा ठराव. मात्र पर्याय ठरावाने जगत नाहीत. ओपनआरसी, रनइट यांना चाचण्या करणारे, पॅच तपासणारे हात लागतात. मुक्त सॉफ्टवेअरवर आपले पगार निघतात. त्यातली महिन्याची एक संध्याकाळ तिकडे द्यायला काय हरकत आहे?

बहुमताने निर्णय जरूर घ्यावा. हरलेल्याला घरात जागा ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच.