कोमा: डॉक्टरांना आधी काय सांगाल?

‘पेशंट कोमात गेला’ हे शब्द कानावर पडले की घरात रडारड सुरू होते. पण कोमा हे आजाराचं नाव नाही. हाक मारली, हलवलं, चिमटा काढला तरी माणूस डोळे उघडत नाही, त्या अवस्थेला कोमा म्हणतात. त्यामागचं कारण सापडलं तरच उपचार होतो, आणि कारणाचा अर्धा धागा घरच्यांच्या हातात असतो.

आपल्या घरांत सगळ्यात आधी साखर आठवावी. रमजानमध्ये शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं, सहरी जेमतेम झालेली. असरच्या सुमारास दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बडबड आणि मग बेशुद्धी. साखर ७० च्या खाली दिसली की मगरिबची वाट न पाहता रोजा तिथेच सोडावा. आजाऱ्याला तशी मुभा आहे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीच घालू नका. शरबत नको, आबे-जमजमही नको. ते श्वासनलिकेत जातं. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं की असा माणूस बहुधा काही मिनिटांत बोलायला लागतो. तरी लगेच घरी नेऊ नये, काही गोळ्यांनी साखर पुन्हा उतरते.

दवाखान्यात आधी श्वास, नाडी आणि साखर पाहतात. मग बॅटरीच्या उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या. एक मोठी, एक लहान असेल तर डोक्यात रक्तस्राव झाल्याची शंका येते. नाशिक हायवेवर किंवा माळशेज घाटात गाडीवरून पडलेल्यांत हे विशेष पाहावं लागतं. दोन्ही टाचणीच्या टोकाएवढ्या असतील तर शेतावरच्या फवारणीचं औषध पोटात गेलं का, हे विचारतात. शुद्ध किती हरपली ते मोजायला ग्लासगो कोमा स्केल आहे. टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ते १९७४ मध्ये मांडलं. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ असे जास्तीत जास्त १५ गुण. कमीत कमी ३. आठ किंवा त्याखाली म्हणजे प्रकृती गंभीर.

शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांत पावसाळ्यात आणखी एक कारण लक्षात ठेवावं लागतं, ते मण्यारचं. हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दुखत फारसं नाही, दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घरचे ॲसिडिटी समजतात. मग पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, श्वास थांबत येतो. बाहुल्याही हलत नाहीत, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं सगळं संपलं. खरं तर हा पुष्कळदा कोमा नसतोच. स्नायू लुळे पडलेले असतात आणि माणूस आतून सगळं ऐकत असू शकतो! कृत्रिम श्वास आणि सर्पविषावरची लस वेळेवर मिळाली तर असे रुग्ण चालत घरी जातात. म्हणून झाडफूक करणाऱ्याच्या दारात पहाट घालवू नये, आणि उशाशी बसून ‘आता काही उरलं नाही’ असंही बोलू नये.

श्वास चालू असेल आणि मानेला मार नसेल तर बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा, कवळी काढा, १०८ ला फोन करा. सोबत गोळ्यांची पाकिटं घ्या, औषधाची बाटली असेल तर तीही. आणि एवढं सांगा: शेवटचं नीट कधी बोलला, रात्री कुठे झोपला होता, ताप किंवा झटका आला होता का, थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवली होती का. लाजेपोटी विष किंवा दारूची गोष्ट लपवू नका; डॉक्टरांचा तासभर त्यातच वाया जातो.