घरची मोटार आणि चाकांचा मोठेपणा

रायपूर शहरातील तेलीबांधा हा तलावाकाठचा भाग ग्रेट ईस्टर्न रोडवर आहे. नागपूरहून दुर्ग-भिलाईमार्गे येणारा रस्ता तो हाच. रायपुरातील पुष्कळ मराठी घरांचे आप्त नागपुराकडे असतात. लग्नकार्यासाठी निघालेली घरची मोटार पाच माणसे आणि सामान घेऊन हा सुमारे तीनशे किलोमीटरचा पल्ला गाठते. अशा मोटारीची मूळ चाके काढून त्या जागी अधिक मोठी, चकचकीत मिश्रधातूची चाके बसविण्याची हौस हल्ली बरीच वाढली आहे. हौसेला मोल नसते, हे खरे. परंतु चाक हा मोटारीचा दागिना नव्हे. तिच्या रचनेतील बाकीची सारी मापे त्यावर अवलंबून असतात.

प्रथम 'मोठे चाक' म्हणजे काय, हे पाहणे अवश्य आहे. मारुती सुझुकी डिझायर या सर्वपरिचित मोटारीच्या साध्या प्रकारास १६५/८० आर १४ या मापाचे टायर असतात. टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि धातूच्या रिमचा व्यास १४ इंच, असा त्याचा अर्थ. या हिशेबाने टायरसह पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. त्याच मोटारीच्या महाग प्रकारास १८५/६५ आर १५ हे टायर येतात. येथे भिंतीची उंची १२० मिलिमीटर आणि पूर्ण व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर होतो. रिम एक इंचाने वाढली, तरी पूर्ण चाकात दोन मिलिमीटरांचीही वाढ झाली नाही. कारखानदाराने आखलेली मर्यादा येथे स्पष्ट दिसते.

ही मर्यादा दोन प्रकारे मोडली जाते. समजा, त्या साध्या प्रकारास १९५/६५ आर १६ चे चाक बसविले. त्याचा व्यास ६६० मिलिमीटर, म्हणजे मूळच्यापेक्षा साडेसहा टक्के अधिक. वेगमापक रस्ता मोजीत नाही; तो चाकाचे फेरे मोजतो. म्हणून मूळ चाकांवर अचूक असलेला वेगमापक ८० दाखवील, तेव्हा मोटार ताशी ८५ किलोमीटर वेगाने धावत असेल. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते; तेव्हा ब्रेकला सुमारे १३ टक्के अधिक ऊर्जा जिरवावी लागेल. शिवाय मोठ्या चाकावर त्याच ब्रेकचा जोर रस्त्यापर्यंत कमी पोहोचतो. चालकाच्या नकळत ही सारी जोखीम त्याच्या पदरी पडते.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. २०५/४५ आर १७ चे चाक घेतल्यास पूर्ण व्यास ६१६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ मूळचाच राहतो. पण भिंतीची उंची १३२ वरून ९२ मिलिमीटरवर येते. रॉबर्ट टॉमसन याने १८४५ मध्ये आणि जॉन डनलॉप याने १८८८ मध्ये हवेच्या टायरची एकस्वे घेतली, ती चाक आणि रस्ता यांच्यामध्ये हवेची गादी असावी म्हणूनच. तीच गादी येथे ४० मिलिमीटरने पातळ होते. खड्ड्याची कड लागताच टायर दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटतो, आतील धागे तुटतात आणि बाजूला फुगवटा येतो. असा टायर भर वेगात फुटू शकतो. भाराची गोष्टही ध्यानात घ्यावी. टायरवर ८८ हा भारांक असल्यास तो ५६० किलोग्रॅम पेलतो, तर ८४ असल्यास केवळ ५००. रुंद दिसणारा टायर अधिक भार पेलतोच, असे नाही.

रुंद व बुटका टायर वळणावर कमी लवतो आणि सुकाणूचे ऐकतो, हे मान्य केले पाहिजे. शर्यतीच्या मोटारींना हा गुण मोलाचा आहे. परंतु घरची मोटार शर्यतीसाठी घेतलेली नसते, आणि तिचे रस्तेही शर्यतीचे नसतात.

कायद्याचा रोखही याच दिशेने आहे. नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने मनाई केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निर्णयात हेच तत्त्व उचलून धरले.

यावरून एक सोपी कसोटी निघते. कारखानदार त्याच मोटारीच्या वरच्या प्रकारास जे सर्वांत मोठे चाक देतो, तेथेच हौसेने थांबावे. तेही घेताना पूर्ण व्यास, भारांक आणि रिमवरील भारतीय मानक ब्यूरोची खूण, या तीन गोष्टी ग्राहकाने तपासाव्यात आणि विक्रेत्याने त्या पावतीवर लिहून द्याव्यात. त्रैराशिक जाणणाऱ्या कोणासही हा हिशेब पाच मिनिटांत करता येतो. मोटारीत मागे बसलेल्या मुलाबाळांसाठी एवढा वेळ काढणे जड नाही.